दगडाच्या हाताला बांगड्या

आमच्या लग्नानंतरचे बहुतेक रविवार दगडांत गेले. इतरांचे नवरे रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटण आणायला निघायचे. माझा नवरा मला दुचाकीवर मागे बसवून सोलापूरच्या बाहेर पडायचा. कुठे पाराखाली उलटा पडलेला नंदी, कुठे विहिरीच्या पायरीत बसवलेला शिलालेख, कुठे बांधावर शेंदूर फासलेला वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावाची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. नंतर जेवताना, भाजी निवडताना, दिवा मालवल्यावरसुद्धा माहीत होत गेलं.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते इतिहास शिकवायचे, मी ग्रंथालय सांभाळायचे. लग्नानंतरही मी त्यांना ‘सर’च म्हणत राहिले. सुरुवातीला शाळेत मुलांसमोर वेगळं काही तोंडातून जाऊ नये म्हणून, पुढे सवयीने. सर दगडापाशी उकिडवे बसून बोलत राहायचे आणि मी जवळच्या सावलीत पुस्तक उघडून बसायचे. गावकरी सरांभोवती जमायचे, मला चहा आणून द्यायचे. दोघांचंही बरं चाललं होतं.

गेल्या माघात सर गेले. तेव्हापासून मी थोडं थोडं लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की उठते, गॅसवर काहीतरी ठेवते, परत येते. आज हातवाल्या आईचं लिहायचं ठरवलं आहे, कारण ती गोष्ट सर गेल्यानंतरची आहे आणि त्यांना सांगायची राहिली आहे.

सांगोल्याच्या पुढे, माणदेशाकडे तोंड करून, एक गाव आहे. गावाबाहेर ओढ्याच्या काठी लिंबाखाली एक उभा दगड आहे. दगडावर कोपरात वाकलेला एक हात कोरलेला, पंजा उघडा, मनगटापासून वरपर्यंत बांगड्या, आणि सगळ्यात वर चंद्रसूर्य. गाव त्याला ‘हातवाली आई’ म्हणतं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी कासार बांगड्यांची पेटी घेऊन येतो. पहिल्या हिरव्या बांगड्या आईच्या. त्या दोऱ्यात ओवून दगडाच्या कोपराशी बांधायच्या, आणि त्या बांधल्याशिवाय कासार गावातल्या एकाही बाईचा हात हातात घेत नाही. हा बांधायचा मान मेंढपाळांच्या एका घराकडे. त्या घरच्या थोरल्या सुनेला गाव आक्का म्हणतं. माझ्याहून चार-सहा वर्षांनीच मोठी असेल, पण मीही आक्काच म्हणते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आक्कानेच सगळं दाखवलं होतं. तिची आजेसासू मेंढरं पाण्यावर घेऊन गेली होती. ओढ्याच्या वाळूतून दगडी पंजा वर आलेला दिसला. कुणालातरी गाडलंय असं वाटून ती जागेवरच आडवी झाली. शुद्धीवर आल्यावर तिने दगड उकरून काढायला लावला आणि मेंढरांच्या गाड्यावर घालून लिंबाखाली आणला. तेव्हापासून मान या घरात. थोरल्या सुनेकडून थोरल्या सुनेकडे.

सरांनी दगडावरून हात फिरवला आणि नेहमीसारखे सुरू झाले. ही देवी नव्हे, एक बाई आहे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची असेल. नवरा लढाईत पडला आणि हिला त्याच्यामागे जाळलं. सर ‘सती गेली’ असं कधी म्हणत नसत, ‘जाळलं’ म्हणत. त्यावरून दोन-तीन गावांत त्यांना चहा मिळाला नव्हता. असा दगड कुणाच्याही नावाने उभा राहत नसे, ते सांगत होते. पाथरवट लावायचा, दगड आणायचा, पूजेसाठी जमीन लावून द्यायची, हे मोठ्या घराचं काम. राजाच्या नावाने ताम्रपट निघायचा, सरदाराच्या बायकोच्या नावाने हा हात. गरिबाची बाई मेली काय आणि जगली काय, दगडाला तिची खबर नाही.

आक्का शेळीच्या गळ्यातली दोरी सोडवत ऐकत होती. ती म्हणाली, “मग आमच्यातली न्हवं ही. आमच्यातली आसती तर पाट लावून दुसरीकडं नांदली आसती.”

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. सर त्या दिवशी घरी येईपर्यंत दुचाकीवर हसत होते. मंगळवेढ्याला चहाला थांबलो तिथेही हसले. पुढे कित्येक वर्षं आठवीच्या वर्गाला त्यांनी ते वाक्य सांगितलं, आक्काच्याच आवाजात. आणि त्याला जोडून ते पुढचंही सांगायचे: साहेबाच्या राज्यात जाळायला कायद्याने बंदी आली, हे चांगलं झालं. पण त्याच साहेबाची माणसं गावोगाव फिरून विचारू लागली, तुमच्यात पाट लागतो का? ज्यांच्यात लागत नाही ते वरचे, ज्यांच्यात लागतो ते खालचे, अशी मांडणी होऊ लागली. मग ज्या घरांना वर चढायचं होतं त्यांनी पाट बंद केला. म्हणजे पुरुष वर चढले आणि त्या चढण्याचं ओझं घरातल्या विधवेच्या डोक्यावर आलं. हे एकदा त्यांनी त्याच गावात, पाटलांच्या ओसरीवर, पाटलीणबाईंसमोर सांगितलं. तिथेही चहा पुन्हा आला नाही.

तरी गावाला सर आवडायचे. दर नागपंचमीला आम्ही जायचो. सर बोलायचे, आक्का बांगड्या बांधायची, कासार पेटी उघडायचा आणि मी लिंबाखाली वाचत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी आक्काचे यजमान गेले. मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला होते, तिथेच छातीत दुखलं. तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती. पुढच्या वर्षी आक्काची नवी पुतणसून गावातच होती, तिने बांगड्या बांधल्या, म्हणून विषय निघाला नाही.  यंदा ती पुण्याला नोकरीवर, रजा नाही. आक्काच्या मुलाचं लग्न अजून व्हायचं आहे. घरात सवाष्ण नाही.

श्रावण लागताना आक्काचा फोन आला. बराच वेळ मेंढरांचं, पावसाचं, माझ्या गुडघ्याचं झालं. मग म्हणाली, गाव म्हणतंय मान पाटलांकडं द्या. एकदा गेला की परत येत न्हाय.

मी म्हटलं, मी काय करू?

“तुमी या की. गाव सरांचं ऐकायचं. सरांनी इतकं काय काय सांगितलंय, त्यात आमच्या बाजूचं कायतरी आसंल की.”

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. आयुष्यभर माझं काम ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसण्याचं. चार बायकांसमोर उभं राहून बोलायचं तर हळदीकुंकवात उखाणा घेतानाही माझा आवाज बसायचा. आणि आता तर हळदीकुंकूही सुटलं होतं. चैत्रात आमच्या इमारतीत शेजारणीकडे झालं. ती दरवर्षी दोनदा बोलवायची, एकदा आदल्या दिवशी आणि एकदा आयत्या वेळी. यंदा तिने आंब्याची डाळ आणि पन्हं घरी आणून दिलं. म्हणाली, तुम्हाला कशाला जिने चढायचा त्रास. ती माझ्याच मजल्यावर राहते. डाळ छान झाली होती. भांडं रिकामं परत करू नये म्हणून मी त्यात साखर घालून दिली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी एसटीने निघाले. दुचाकी मला चालवता येत नाही, आणि आली असती तरी मागच्या सीटची सवय झालेल्या माणसाला पुढे बसून रस्ता ओळखू आला नसता. सांगोल्यापर्यंत खिडकीशी बसून सरांची सगळी भाषणं आठवून पाहिली. आक्काच्या बाजूचं काही सापडतंय का ते शोधत होते. मोठ्या घरचीच बाई, हे पाटलांच्या बाजूचं. आक्काचं स्वतःचं ‘आमच्यातली न्हवं’ हेही पाटलांच्याच बाजूचं. पाटाची गोष्ट काढावी तर ती ओसरीवरची आठवण पाटलीणबाई विसरल्या असतील असं वाटत नव्हतं. सरांनी वर्षानुवर्षं त्या लिंबाखाली जे जे सांगितलं, ते सगळं खरं होतं आणि एकही कामाचं नव्हतं. त्यांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, इतिहासाचं असंच असतं. ते असं काही म्हणायचे तेव्हा मी पुस्तकात डोकं घालायचे.

सांगोल्याहून पुढे जीप मिळाली. दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, उन्हाने फळं करपू नयेत म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. लाल, जांभळ्या, पोपटी. लांबून वाटावं बायकाच रांगेने बसल्या आहेत. पाऊस नव्हता. गावाच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि लोक पाईपशी भांडत होते.

लिंबाखाली खऱ्या बायका बसल्या होत्या. कासार पेटीवर हात ठेवून, पेटी मिटलेली. आक्का थोडी बाजूला, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. पाटलीणबाई अगदी दगडाजवळ, ताटात नारळ, हळदकुंकू आणि ओवून तयार केलेल्या हिरव्या बांगड्या. मी आल्यावर त्यांनी सरकून मला बसायला जागा दिली आणि सरांबद्दल विचारलं. कधी, कसं, दवाखान्यात का घरी. त्यांचे डोळे खरंच भरले. चहा नाही दिला एकदा, पण माणूस म्हणून चांगल्या आहेत.

मग त्यांनी विषय काढला. त्यांना काही आक्काचं वाईट करायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, पाऊस अडलाय. आईचं करण्यात काही कमीजास्त झालं तर उद्या गाव आक्कालाच बोलेल, ते तरी बरं दिसेल का? आणि तसं पाहिलं तर आई त्यांच्याच घराण्यातली. “तुमच्या सरांनीच सांगितलेलं की ओ बाई. आसा दगड मोठ्या घरच्या बाईचाच आसतो म्हणून. गावात मोठं घर कुणाचं?”

दोघी-तिघींनी माना हलवल्या. हे सरांनी सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं. आक्का माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, हो, तसं ते म्हणाले होते.  आक्काने मान खाली घातली. बसमध्ये तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. मग मी नुसतीच दगडाकडे पाहत राहिले, कारण माणसांकडे पाहायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तो दगड नीट पाहिलाच नव्हता. मला कायम सर दिसायचे, दगडाच्या पुढे उकिडवे बसलेले. आज मधे कुणी नव्हतं. पंजा उघडा होता. कोपराला मागच्या वर्षीचा दोरा विरून लोंबत होता.

“सर अजून एक म्हणाले होते,” मी म्हटलं. आवाज बारीक होता, पण टँकरपाशीचं भांडण तेवढ्यात थांबलं होतं म्हणून ऐकू गेला. “हिचा हात दगडावर कोरायची वेळ आली, तेव्हा हिचा नवरा आधीच गेलेला होता.”

 कासाराने पेटीवरचा हात काढला आणि परत ठेवला.

मोकळ्या कपाळाची एक म्हातारी म्हणाली, “मग ही आमच्यासारखीच व्हय?”

“पर हातात चुडा हाय की तिच्या,” मागून एक तरुण सून म्हणाली.

“व्हय,” आक्का म्हणाली. “फोडला न्हाय कुणी. येवढं तरी आपल्या गावानं तिचं चांगलं केलंय.”

पाटलीणबाई ताटाकडे बघत होत्या. त्यांनी नारळाची शेंडी सरळ केली, हळदीचा करंडा बंद केला. त्या बराच वेळ विचार करत होत्या आणि तो विचार त्यांना आवडत नव्हता, हे दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, “सर म्हनले हे?”

“हो,” मी म्हटलं.

“आमच्यापुढं न्हाय कधी म्हनले.”

मी म्हटलं, तुमच्या ओसरीवर ते नंतर आले नाहीत ना. हे चांगल्या मनाने म्हटलं होतं, पण बायका हसल्या, आणि पाटलीणबाईंनाही थोडं हसू आलं. मग त्यांनी ताट उचलून आक्कापुढे ठेवलं. पूर्ण नाही दिलं, एका बाजूला त्यांचा हात होता. म्हणाल्या, दोरा मी धरते, गाठ तू मार. पाऊस नाही आला तर दोघींना बोलतील.

“आनि आला तर?” आक्का म्हणाली.

“आला तर मी एकलीच सांगत सुटते, माझ्यामुळं आला म्हणून.”

आक्का उठली. पाटलीणबाईंनी दोऱ्याची दोन्ही टोकं दगडामागून ओढून धरली, आक्काने गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. पाटलीणबाई म्हणाल्या, मेंढरांच्या गळ्याला बांधती तशी बांध की. तिसऱ्यांदा बसली. जुना दोरा आक्काने दातांनी तोडून पदरात बांधला. तो घरच्या दारावर लावतात. कासाराने पेटी उघडली आणि सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या, जणू मधलं काही झालंच नव्हतं. पाटलीणबाईंनी पहिला नंबर लावला आणि हिरव्या नकोत, मागच्या वर्षीच्या चॉकलेटी दाखव म्हणून कासाराशी भांडायला लागल्या.

आक्का मला जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत मेंढरं होती, त्यांना हाकत हाकत चालत होतो. तिने मला भाकरीचं गाठोडं दिलं, वर लसणाची चटणी. मग म्हणाली, “बाई, सर आसं कवा म्हनले ओ?”

मी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

“मी हुतेच की तितं, दर साली. सगळं ऐकलंय मी त्यांचं. आठवीच्या पोरांपेक्षा जास्त ऐकलंय. त्ये काय हे म्हनले न्हाईत.”

मी म्हटलं, नाही म्हणाले.

एक मेंढरू रस्ता सोडून डाळिंबाच्या बागेत शिरू पाहत होतं. आक्काने त्याला काठीने वळवलं.

“मग तुमी सवताच्या नावावर का सांगितलं न्हाय?”

मी तिला विचारलं, माझ्या नावावर सांगितलं असतं तर पाटलीणबाईंनी ताट सरकवलं असतं का? आक्काने त्यावर थोडा विचार केला आणि मान हलवली. नसतं सरकवलं. सरांचं ऐकतात. सर गेल्यावर तर जास्तच ऐकतात.

जीप आली. चालकाने गाठोडं मांडीवर घ्यायला सांगितलं, वर जागा नव्हती. मी चढून बसले, आणि मग मला राहवेना म्हणून खिडकीतून म्हटलं, “पण म्हणाले असते, आक्का. कुणी विचारलं असतं तर.”

“व्हय की,” ती म्हणाली. “कुनी इचारलंच न्हाय त्यांना. आपन दोघी बी हितंच बसलेलो की वो, लिंबाखाली. तुमी वाचत, मी शेळी धरून. आनि आपले दोघंबी जितं हुते. तवा कशाला इचारतोय आपन.”

जीप निघाली. मेंढरांनी रस्ता अडवला होता, म्हणून पहिली पन्नास-साठ पावलं ती चालण्याच्या वेगाने गेली, आणि आक्का बाजूने चालत राहिली. पुढच्या नागपंचमीला लवकर या म्हणाली, सकाळच्या गाडीनं. सून रजा घेऊन आली तरी या. मग मेंढरं बाजूला झाली आणि चालकाने गाडी जोरात सोडली.